सवतीचे शेंगोळे

मेल्या म्हशीला मणभर दूध असतं, हे वनमालाला कुणी शिकवायची गरज नव्हती. लग्न झाल्यापासून ती त्याच म्हशीच्या दावणीला नांदत होती. म्हैस म्हणजे केशर, तिच्या नवऱ्याची पहिली बायको.

केशर काविळीनं गेली आणि वर्ष भरायच्या आत शिवशंकरनं नांदूरघाटच्या वनमालाशी दुसरं लग्न केलं. मांडवातच सासूनं, विमलबाईंनी, नव्या सुनेच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक बांधला. नखाएवढा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई. ती केशर. दुसरेपणावर आलेल्या बाईनं सवतीला असं गळ्यात वागवायचं, नवी साडी आधी तिला लावायची, गोडधोडाचा पहिला घास आधी तिला दाखवायचा आणि मग आपण खायचं. पुष्कळ घरांनी ही रीत केव्हाच सोडली, पण विमलबाई रीत सोडणाऱ्यांपैकी नव्हत्या. सवत जिवंत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. ही मात्र आठही प्रहर छातीवर बसून राहायची आणि एका शब्दाला उत्तर द्यायची नाही.

युसूफ वडगावच्या शिवारात यांची वस्ती. घरात सासू-सासरे, दीर-जाऊ, त्यांची पोरं आणि केशरची लेक रुचिका. शिवाय सोयाबीन काढायला माणसं लागली की तीही जेवायला असायची. एवढ्या तोंडांना भाजी विकत आणायची म्हटलं तर घर विकावं लागेल. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी शेंगोळे व्हायचे. हुलगा घरचाच. माळाच्या मुरमाड तुकड्यात ना खत ना पाणी, फेकलं की उगवतं असलं ते गरीब कडधान्य. त्याच्या पिठात थोडं ज्वारीचं पीठ, लसूण-जिरं-मिरचीचं वाटण, मीठ, चिमूटभर ओवा. घट्ट मळायचं, तेलाच्या हातानं वळायचं, बोटाभोवती वेटोळं करून शेपटी चिकटवायची आणि फोडणीच्या खळखळत्या पाण्यात सोडायचे. वरून करडीच्या तेलाची धार, बाजूला फोडलेला कांदा. वनमालाचा हात एवढा चपळ, की जाऊबाईंच्या भाकरी होईस्तोवर इकडे पातेलं उतरलेलं असायचं. मूठ-दोन मूठ पिठात अख्खं घर ढेकर देऊन उठायचं. आणि तिचा शेंगोळा कधी फुटायचा नाही. नांदूरघाटला तिची आई म्हणायची, पोरीचा शेंगोळा विहिरीत टाकला तरी अख्खा वर येईल.

पण कौतुक कुणाचं? केशरचं.

"बरे झालेत," विमलबाई बोटं चाटत म्हणायच्या. "पन माझ्या केशरच्या हातची चवच न्यारी व्हती."

झालं. वनमालाच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. लसूण जास्त घालून बघितला, कमी घालून बघितला. पीठ आधी भाजून बघितलं. एकदा तर जाऊबाईंना बाजूला घेऊन विचारलं, की केशर नेमकं काय घालायची. जाऊबाई म्हणाल्या, "माझं लगीन तिच्या माघारी झालं, मला काय ठावं?" शिवशंकरला विचारायची सोय नव्हती. तो गडी जेवताना ताटाशी बोलायचा नाही, तर बायकोशी काय बोलणार! खाली मान घालून जेवायचा, हात धुवायचा, चालू लागायचा. कधी म्हणून त्यानं दुसऱ्यांदा मागितलं नाही. ते तिला फार लागायचं. उपाशी ठेवते असं कुणी म्हणू नये म्हणून ती त्याचं ताट असं रचायची, की भाकरी ठेवायला जागा उरायची नाही.

आणि मग सूड घ्यायची ती टाकावर. स्वयंपाक झाला की सगळ्यांची पाठ बघून एक शेंगोळा नखानं मुद्दाम तोडायची आणि तो तुटका तुकडा टाकाला लावायची. "घे, तुला हाच," असं पुटपुटायची. सवतीला अख्खा कशाला द्यायचा! तेवढ्यानं तिचं जेवण गोड व्हायचं.

यंदा सोयाबीनच्या मळणीच्या दिवशी केशरची आई, कौशल्याबाई, पाटोद्याहून अचानक आली. रुचिकाला बघायला यायची ती अधूनमधून, पण कुठल्या तरी सणावाराला. खळ्यावर यंत्र धडधडत होतं, माणसं जेवायची होती आणि घरात भाजीचं पान नव्हतं. विमलबाई म्हणाल्या, "वनमाला, शेंगोळेच टाक माय, पटकन हुतील."

वनमालाच्या मनात लगेच आलं, हीच वेळ. सासूला काय, मेलेल्या सुनेचं कौतुक करायला नुसती जीभ लागते. केशरची आई खोटं बोलायची नाही. तिनं एकदा आपले शेंगोळे खावेत आणि सगळ्यांपुढं म्हणावं, केशरपेक्षा चांगले झालेत. बस्स. एवढं एक वाक्य ऐकलं की गळ्यातला टाक हलका होणार होता. तिनं मन लावून पीठ मळलं. एकेक वेटोळं अंगठीसारखं वळलं. पाण्याला अशी उकळी आणली, की झाकण थरथरायला लागलं.

ओसरीवर पंगत बसली. कौशल्याबाईंनी एक शेंगोळा उचलला, फिरवून बघितला, खाल्ला आणि दुसरा घेतला. वनमाला दाराशी उभी होती.

"लई झ्याक," कौशल्याबाई म्हणाल्या.

"केशरसारखे हायत का, माय?" वनमालाच्यानं राहवलं नाही.

म्हातारी खुदकन हसली. "केशरला कुठं शेंगोळे येत व्हते, लेकी! तिला धीर म्हनून न्हवता. पान्याला आधन यायच्या आधीच सोडायची, मग फुटून सगळं पिठलं व्हायचं. लग्नाआधी मी डोक्याला हात लावून बसायची, कशी नांदंल म्हनून."

वनमालाला वाटलं, आता ओसरीवर वीज पडावी आणि ती सासूवर पडावी. सवतीला शेंगोळे येतच नव्हते! आणि आपण इतकी वर्षं कुणाशी झटत होतो? पिठल्याशी?

पण विमलबाई मुळीच ओशाळल्या नाहीत. "फुटायचे खरं," त्या हसत म्हणाल्या, "पन माझा शिवा दोनदोनदा ताट पुढं करायचा. पिठलं झालं तरी पुसून खायचा."

आणि शिवशंकर, जो कधी जेवताना मान वर करत नाही, तो हसला. बाकीचे हसले, रुचिकाही हसली. वनमाला तेवढी पातेलं घेऊन आत गेली.

चुलीपुढं बसून ती रडली नाही, जळली. एखादीनं सुगरण होऊन हरवलं असतं तर सोसलं असतं. हिनं तर पीठ फोडून हरवलं होतं. चवीशी चव लढेल, मसाल्याशी मसाला लढेल. पण फुटके शेंगोळे ज्याला गोड लागत होते, त्याच्यापुढं न फुटलेले घेऊन काय उपयोग? तिनं टाक मुठीत धरला. ज्या तुटक्या तुकड्यानं तिनं सवतीला एवढे दिवस हिणवलं, तो तर सवतीच्याच हातचा नमुना निघाला. बया गालातल्या गालात हसत असेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कौशल्याबाई सकाळच्या एसटीनं गेल्या. दुपारी वनमालानं पुन्हा हुलग्याचं पीठ काढलं.

"परत शेंगोळे?" सासूनं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. पाणी नुसतं कोमट झालं होतं, बुडबुडाही आला नव्हता. तिनं शेंगोळे त्यात सोडून दिले. बघता बघता कडा सुटल्या, वेटोळी उलगडली आणि पातेल्यात लगदा झाला. जन्मात पहिल्यांदा तिच्या हातचे शेंगोळे फुटले होते. नांदूरघाटच्या आईनं बघितलं असतं तर पदरात तोंड लपवलं असतं. पण वनमालाला एकच बघायचं होतं, नवरा ताट पुढं करतो की नाही.

शिवशंकर जेवायला बसला. लगद्याची रास काही होईना, ताटात तो पसरला आणि थोडाच मावला. त्यानं कालवून खाल्लं. भाकरीनं ताट पुसलं. मग ताट पुढं केलं.

वनमालाच्या मनात आलं, केलं की नाही पुढं! पण कुणासाठी? ह्या लगद्यात त्याला केशरच आठवली असणार. तिनं स्वतःच्या हातानं सवतीला रांधून वाढलं होतं.

"आवडले न्हवं?" तिनं विचारलं. "केशरसारखे झालेत ना?"

तो गोंधळला. "तिचे तर कायमच फुटायचे. तुझे एकदा बी फुटले न्हाईत, लगीन झाल्यापासून. आज कावून फुटले, म्हनून मगापासून बघतोय तुझ्याकडं. ताप-बिप आलाय का?" आणि त्यानं आईदेखत उलटा हात तिच्या कपाळाला लावला. विमलबाईंनी घाईघाईनं कोंबड्या हाकलायला तोंड फिरवलं.

"मग ताट कावून पुढं केलं?"

"पोट भरलं न्हाई म्हनून. दर बारीला एवढं वाढतीस, की मागायला जागाच ठिवत न्हाईस. तवा काय मागू?"

वनमाला उठून आत गेली. परातीत पिठाचा गोळा उरला होता. चुलीत काटक्या सारल्या, नवं पाणी ठेवलं आणि ते खळखळून वर येईस्तोवर हात आवरून बसली. मग एकेक वेटोळं सोडलं. सगळे वर आले. त्यातला एक न मोडलेला उचलून तिनं टाकाला लावला. "घे बाई," ती म्हणाली, "तुला कधी जमले न्हाईत म्हनं. बघून ठिव."

बाहेर शिवशंकर अजून ताटावरच बसून होता. तिनं त्याला चारच शेंगोळे वाढले आणि पळी हातात धरून शेजारी बसून राहिली.