लेखी नकाराचे पेढे

माझ्या बायकोच्या मामांइतका सरकारवर विश्वास असलेला माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल. त्या विश्वासापोटीच त्यांनी सरकारला कोर्टात खेचलं. सरकार वाईट नसतं, त्याला कुणीतरी हलवून जागं करावं लागतं, असं त्यांचं मत. पोच घेतल्याशिवाय ते कागद देत नाहीत आणि पोच दिल्याशिवाय घेत नाहीत. आमची लग्नपत्रिका हातात पडली, तेव्हा 'मिळाली' असं लिहून, खाली तारीख-वेळ टाकून त्यांनी मला सही दिली होती. जवळा बाजार या गावी बाजाराला निघताना मामींनी दिलेल्या भाजीच्या यादीलाही आवक क्रमांक पडतो. मेथी विसरली, तर मामा खुलासा करतात, तोही लेखी.

भांडण एकच: गावाजवळच्या ओढ्यावर पूल हवा. त्यांची लेक पलीकडच्या गावात दिलेली. अंतर सव्वा किलोमीटर; ओढा चढला की वळसा एकोणीस किलोमीटरचा, आणि मामींचे दोन्ही गुडघे गेलेले. तीन वर्षांत मामांनी एकोणतीस अर्ज केले. पोचा एकोणतीस, उत्तर शून्य. शेवटी त्यांनी खंडपीठात याचिका टाकली. अर्जावर सहा आठवड्यांत निर्णय घ्या, असा आदेश झाला. कचेरीनं एकेचाळिसाव्या दिवशी निर्णय घेतला: मागणी अमान्य.

मामांनी गावभर पेढे वाटले. "न्हाई म्हणले, पण लेखी म्हणले. आता ह्या न्हाईवर कोर्टात जाता येतं."

"अन् मी ओढ्यावरून ह्या कागदावर पाय देऊन जाऊ का?" मामींनी विचारलं. मामांनी पेढ्यांचा डबा बंद केला.

नव्या याचिकेचा मजकूर मागच्या रविवारी मी टाइप करत होतो. तुमचं स्वतःचं नुकसान काय ते लिहा, असं वकिलांनी सांगितलं होतं. मी जुने अर्ज चाळले. सगळ्या एकोणतीस अर्जांत 'ग्रामस्थांची गैरसोय'. मामींचा उल्लेख एकातही नाही. मामांनी ते अर्ज माझ्या हातातून घेतले. मग हळू आवाजात सांगू लागले.

"लिवा. लेक बाळंत झाली तवा ओढा चढलेला; माझ्या बायकोनं ह्या काठाला उभं राहून नात पाहिली. लेकीनं पलीकडून दुपट्यात गुंडाळून वर धरली होती. लेकराचं तोंड काही दिसलं न्हाई. तरी ही आपली हात हलवून राहिली होती."

मी ते जसंच्या तसं उतरवलं. मामांनी ते वाचून पाहिलं.

"खोडा ते, जावाई. घरातलं कोर्टाला काहून सांगायचं?"

मामी कधीच्या दाराला धरून उभ्या होत्या.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "इतक्या कागदांत माझं म्हणून एवढंच लिवलंय त्यांनी."