नवसाची साखर

देवीपुढे उभं राहिलं की माझं एकच मागणं असे, मुलीची सुई सुटू दे. वैदेहीला लहानपणापासून मधुमेह. रोजचं इन्सुलिन तिच्या अंगवळणी पडलं, माझ्या नाही. त्यामुळे मुंबईतल्या एका क्लिनिकची जाहिरात दिसली, स्टेम सेलच्या उपचाराने इन्सुलिन कायमचं बंद, तेव्हा मी हरखूनच गेले. बोईसरच्या आमच्या डॉक्टरांना विचारलंही नाही. ते नको म्हणाले तर, ही धास्ती. दांडीच्या गावदेवीला मात्र नवस बोलले, सुई सुटली तर लेकीच्या वजनाइतकी साखर वाटेन. मधुमेहासाठी साखरेचा नवस! देवीलाही हसू आलं असेल.

क्लिनिकला जायच्या आदल्या दिवशी दर्शनाला गेलो. माझा उपास होता. वैदेहीनेही माझ्यासोबत धरला, पण सकाळचं इन्सुलिन सवयीने घेऊन झाल्यावर. आणि उपासाला कशाला, म्हणून तिच्या पर्समधली बिस्किटं मीच काढून ठेवलेली. देवळाच्या पायरीशी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर उतरली हे मला कळत होतं, पण जवळ काहीच नव्हतं. "सुई राहू दे, पण माझी पोर राहू दे," एवढंच तोंडून निघालं.

तेवढ्यात दर्शन घेऊन एक कोळीण बाहेर आली. तिच्या ओंजळीत साखर-खोबऱ्याचा प्रसाद होता. मी हात पसरले.

"घे, सगली घे. रडतेस कशाला बाय? देवीच्या दारात हायस."

हाच प्रसाद इतकी वर्षं मी वैदेहीपासून लांब ठेवत आले होते. साखर पोटात गेली आणि हळूहळू ती सावरली. माझा जीव भांड्यात पडला.

तिथून थेट डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा क्लिनिकचा विषय निघाला. ते म्हणाले, "संशोधनातून आशा आहे, पण चाचण्या अजून चालू आहेत. जाहिरातीच्या भरवशावर इन्सुलिन बंद केलंत तर जिवावर बेतेल." आम्ही क्लिनिकला गेलो नाही. त्या पायरीवर आम्हाला कुणी अडवलं, याचा मी खल करत नाही. बरं होण्याचा दिवस देवीवर सोपवलाय. सुई मात्र वेळच्या वेळी.

पुढे नवस फेडला. मासळीच्या मोठ्या काट्यावर एका बाजूला वैदेही हसत बसली, दुसरीकडे साखर. वाटायला तीच कोळीण पुढे.

"सुईचा नवस ना गो? मंग सुटली सुई?"

"नाही," मी म्हटलं, "पोर राहिली."