इथीनचे पाच बंध

एम.एस्सी. होऊन मी घरीच बसले होते, तेव्हा समोरच्या मावशींनी त्यांच्या मुलीला विज्ञान शिकवशील का म्हणून विचारलं. ते मंद्रूपहून सोलापुरात आलेले. मावशी घरबसल्या टॉवेलच्या दशांना गाठी मारायच्या. मुलगी दहावीला विज्ञानात दोनदा नापास झाली होती.

"ह्या बारीला सुटली तर नर्सिंगला घालीन. न्हाय तर दुधनीचं स्थळ हाय," मावशी म्हणाल्या, तिच्यासमोरच.

मी इंग्रजी शाळेतली. 'सहसंयुज बंध' हा शब्द मी तिच्या पुस्तकात पहिल्यांदा वाचला. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतात, तो एक बंध. आपण फक्त मोजायचे, असं सांगून मी इथेन काढलं. दोन कार्बन, सहा हायड्रोजन.

"आठ," ती म्हणाली.

"सात."

"ह्या कार्बनचे चार, त्या कार्बनचे चार. आठच की, ताई."

मग तिनेच समजावलं. टॉवेलच्या एका टोकाला ती बसते, दुसऱ्या टोकाला आई. टॉवेल एकच, पण दोघीही तो आपल्यात मोजतात.

"इथं तसं नाही. दोन कार्बनच्या मधलं एकदाच मोजायचं. कायम."

प्रोपेनचे दहा तिने बरोबर सांगितले. "लई सोपं हाय की! शाळंत सर उगंच घाबरवत्यात."

"शिकली बया माझी," मावशी आतून हसल्या.

पेपर देऊन ती थेट आमच्या दारात आली. मागोमाग मावशी.

"ताई, बंध आले! इथीनचे."

"किती लिहिलेस?"

"पाच. चार हायड्रोजनचे, आन मधलं एकदाच. तुमीच सांगितलं की, कायम."

इथीनमध्ये दोन कार्बनच्या मधे दुहेरी बंध असतो, तो दोन धरतात. उत्तर सहा. दुहेरी बंध मी तिला नंतर शिकवला होता, पण तोवर 'कायम' तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

"बरोबर हाय न्हवं?" मावशींनी विचारलं.

मला 'हो' म्हणावं लागलं.

ती तिसऱ्यांदा नापास झाली. एका प्रश्नाने कुणी नापास होत नाही, हे मला कळतं. बाकीचंही चुकलंच असणार. निकालानंतर महिन्याभरात मावशी तिला घेऊन लग्नाची पत्रिका द्यायला आल्या.

"तू लई कष्ट घेतलंस गं. तिलाच डोकं न्हाय, त्याला तू काय करशील?"

मुलगी बाजूलाच उभी होती. तिने मान डोलावली. तिला ते पटलेलं होतं.