जावईबापूंचा कंट्रोलर, सासूबाईंची बॅटरी

शाळेची बस चालवणाऱ्या त्या बाईंना सगळे ड्रायव्हरबाई म्हणायचे. लेकसुद्धा रागावली की "ऐका ड्रायव्हरबाई" अशीच सुरुवात करायची. आणि त्या वर्षी तिला रागवायला निमित्त रोज मिळत होतं, कारण तिचा नवरा आणि तिची आई मिळून गॅरेजमध्ये लढाऊ रोबो बांधत होते.

जावई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. सासूशी काय बोलावं हे त्याला लग्नानंतर कितीतरी दिवस सुचत नसे. हवापाणी, तब्येत, मग दोघंही पंख्याकडे बघत बसायची. एकदा टीव्हीवर रोबोंची झुंज लागली आणि बाई खुर्चीच्या टोकाला येऊन ओरडल्या, "अरे, ढकल की त्याला!" जावयाने चमकून पाहिलं. त्यालाही नेमकं तेच ओरडायचं होतं.

रोबोचं नाव ठेवलं गेंडा. जाड पत्र्याचं अंग, दोन रुंद चाकं आणि पुढे गरगर फिरणारा दातेरी पोलादी रूळ. समोरचा त्यात सापडला की उडालाच.

वाद पेटला तो चाकांच्या मोटरींवरून. जावयाला वेग हवा होता. "आई, समोरचा वळायच्या आत आपण त्याच्या बगलेत घुसलं पाहिजे."

"आणि घुसून काय करणार? गुदगुल्या?"

बाईंना जोर हवा होता. शेवटी तडजोड झाली. मोटरी बाईंच्या पसंतीच्या, ड्रिल मशीनमधून काढलेल्या, गिअरबॉक्सवाल्या. मोटरींचा वेग कमीजास्त करणारा कंट्रोलर मात्र जावयाच्या पसंतीचा. त्याने हलका, आटोपशीर कंट्रोलर निवडला. मोटर फिरताना ओढते त्याच्या कितीतरी पट करंट हा सोसतो, असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. बाईंनी मान डोलावली, पण मनात वेगळंच शिजत होतं. वेग हवाय ना, मग घ्या! त्यांनी गुपचूप जास्त व्होल्टची बॅटरी बसवली. जावयाला चकित करायचं होतं.

स्पर्धेआधीच्या रविवारी दुपारी गॅरेजमध्ये चाचणी ठेवली. बसचा जुना टायर भिंतीला टेकवला. गेंड्याने तो रेटत राहायचं, एवढीच परीक्षा.

"रूळ फिरता ठेवू?" जावयाने विचारलं.

"ठेवा. तिथे काय बंद ठेवून लढणार आहात?"

गेंडा सुसाट सुटला. जावयाच्या भुवया वर गेल्या. हा एवढा कसा पळतोय, असं विचारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात गेंडा टायरवर आदळला आणि चाकं जागच्या जागी अडली.

"दाबा, दाबा! सोडू नका!" बाई ओरडल्या.

त्याने दाबून धरलं. जळका वास आला. मग तडतडलं. त्याने रिमोटवरचा अंगठा उचलला, पण गेंडा थांबला नाही. कंट्रोलर आतून जळून चिकटला होता आणि एका चाकाला सगळी वीज थेट जात होती. गेंडा गर्रकन वळला, फरशीवर ठिणग्या उडवत फिरू लागला.

"रिमोट बंद केलाय! तरी चालतोय!"

रुळाची वीज तुटली होती, पण तो आधीच्या गतीनेच घोंगावत होता. जावई मागे सरकला तो लोखंडी कपाटाला टेकला. गेंड्याने पुढची फेरी घेतली आणि जावयाची नडगी कपाटाशी चेपली. चाक पॅंटचं कापड आत ओढू लागलं. रूळ गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. बॅटरीची वीज तोडणारी लाल कडी रुळाच्या अगदी मागे होती. बाईंनी हात पुढे केला.

"आई, हात घालू नकोस!"

सासूला त्याने पहिल्यांदाच एकेरीत हाक मारली होती. ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

बाईंनी हात मागे घेतला. कोपऱ्यात बसच्या चाकाला अडसर म्हणून लावायचा लाकडी ठोकळा होता. तो गेंड्याच्या कुशीखाली लावून त्यांनी टाचेने हाणला. एकदा, पुन्हा, पुन्हा. गेंडा कलला, चाक अधांतरी झालं आणि हवेत किंचाळत फिरत राहिलं. जावयाने रक्ताळलेला पाय ओढून घेतला. बाई रुळाकडे डोळे लावून बसल्या. धुरकट वर्तुळातून एकेक दात सुटा दिसू लागला. रूळ थांबला तशी त्यांनी कडी उपटली.

बॅटरी टम्म फुगली होती. जाड हातमोजे घालून त्यांनी ती काढली, अंगणातल्या वाळूच्या बादलीत पुरली आणि जावयाला उठवायला परत आल्या.

दवाखान्यात पायाला टाके पडत असताना त्या म्हणाल्या, "बॅटरी मी बदलली होती. तुम्हाला न विचारता."

"सांगायचं तरी, आई. पाय गेला असता माझा."

"हो."

"आणि मीही फिरत्या मोटरीचाच करंट धरला होता. अडलेली मोटर किती ओढते, ते मोजलंच नाही."

"किती ओढते?"

"माहीत नाही."

"मग मोजू या."

लेकीने दोघांकडे असं पाहिलं की डॉक्टरसुद्धा दोन पावलं मागे सरकले.

चाक लोखंडी शेगड्याच्या पकडीत आवळून, क्षणभरच वीज देऊन त्यांनी मोजलं. आकडा पाहून दोघांनाही घाम फुटला. जुनी बॅटरी परत आली. कंट्रोलर आला तो थोराड, बोजड. बॅटरी आणि कंट्रोलरच्या मधे फ्यूज बसला. वजन मर्यादेत ठेवायला गेंड्याच्या पाठीचा पत्रा पातळ करावा लागला. जावयाने वेगावर पाणी सोडलं, बाईंनी पाठीवर.

स्पर्धेत पहिला प्रतिस्पर्धी चपळ निघाला. गेंडा वळेपर्यंत तो दोनदा मागून धडकला, पत्रा फाटून लोंबू लागला. जावयाचे ओठ पांढरे पडले. तिसऱ्या वेळी गेंड्याने त्याला समोरून पकडलं आणि भिंतीला नेऊन भिडवलं. चाकं अडली.

"किती वेळ दाबू?" त्याने विचारलं.

बाईंनी नाक वर करून वास घेतला. काहीच नव्हतं. "दाबा तुम्ही."

धूर निघाला तो समोरच्यातून.

दुसऱ्या झुंजीत मात्र पहिल्याच धडकेत गेंड्याची पाठ फुटली आणि एक चाक घरंगळत रिंगणाच्या काचेपाशी गेलं. सासू-जावयाने दोन बाजूंनी धरून गेंडा बाहेर आणला. जावई लंगडत होता म्हणून बाई हळू चालत होत्या. लेक पाठोपाठ आली, हातात ते सुटलेलं चाक घेऊन. चेहरा अजून रागावलेलाच होता.