फिनलंडच्या बाईंचं काही खरं नाही

अख्ख्या कॅलिफोर्नियात ‘हाऊ आर यू?’ या प्रश्नाचं खरं उत्तर देणारी एकच व्यक्ती होऊन गेली, आणि ती माझ्या मुलीला बर्फावर घसरायला शिकवायची. दुकानाच्या काउंटरवरची पोरगी सवयीने ‘हाऊ आर यू?’ म्हणाली, की बाई हातातली पिशवी खाली ठेवून सांगायलाच लागायच्या. डावा गुडघा दुखतोय, झोप लागली नाही, आईने फोनवर बोलणं टाकलंय. मागे रांग वाढत असायची. पोरगी घाबरून ‘ऑसम!’ म्हणायची. मग बाई माझ्याकडे वळायच्या, “बघा. ऐकतच नाहीत.”

त्या फिनलंडच्या. घरामागचं तळं निम्मं वर्ष गोठलेलं असे, त्यामुळे चालायच्या आधी घसरायला शिकल्या. पुढे देशाच्या फिगर स्केटिंगच्या संघात गेल्या, आणि तिथे एका उडीने त्यांना गाठलं. उलटं घसरत जायचं, हवेत तीन गिरक्या घ्यायच्या आणि एका पायावर उतरायचं. सरावात रोज जमायची; परीक्षकांसमोर दर वेळी बसकण! ती उडी साधावी म्हणून अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या कोचकडे आल्या. कालांतराने कोचने नाद सोडला, संघाने सोडला, बाईंनी मात्र सोडला नाही. क्युपर्टिनोच्या मॉलमधल्या बर्फाच्या रिंकवर पोरांना शिकवायचं, आणि रिंक उघडायच्या आधी एकटीने त्या उडीवर पडत राहायचं, असा त्यांचा संसार. वय तिशीला टेकलेलं. या खेळात म्हणजे आजीबाईच.

आमची ओळख माझ्या मूर्खपणातून झाली. शिकवणाऱ्या म्हणून पहिल्याच दिवशी मी लांबून अदबीने हाक मारली, “बाई!” त्यांनी हात हलवला आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मुलगी कळवळून म्हणाली, “बाबा, यू कीप सेइंग बाय टू हर! सो एम्बॅरसिंग!”

ते २००१ साल होतं. डॉट-कॉमचा फुगा फुटला होता आणि सांता क्लारातल्या आमच्या ऑफिसातून रोज कोणी ना कोणी खोकं उचलून घरी जात होतं. ज्या दिवशी निम्म्या टीमला नारळ मिळाला, त्या दिवशी मॅनेजर आम्हा उरलेल्यांना म्हणाला, “गुड जॉब, गाइज!” माझी नोकरी आणि नोकरीवर टांगलेला व्हिसा, दोन्ही एका धाग्यावर लोंबत होते. बायको वैतागून म्हणाली, “घरात बसून सुस्कारे सोडतोस, त्यापेक्षा तिकडे जाऊन पड!” म्हणून मोठ्यांच्या वर्गात नाव घातलं. बाईंचा पहिला धडा पडण्याचा असे. त्यात मी वर्गात पहिला आलो. प्रत्येक पतनाबरोबर माझ्या तोंडून आपसूक निघे, “काही खरं नाही!”

“हे काय म्हणता?” बाईंनी एकदा विचारलं. मी बर्फावर बसल्या बसल्याच एकेक शब्द फोडून सांगितला. काही, म्हणजे समथिंग. खरं, ट्रू. नाही, नॉट. बाईंनी तीनही शब्द पुटपुटून पाहिले. “चांगली भाषा आहे,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून तो त्यांचा मंत्र झाला. पोरगं आपटलं, की कठड्यापलीकडून आईबाप टाळ्या पिटत ‘गुड जॉब!’ ओरडायचे आणि बाई बर्फावरून गंभीरपणे निकाल द्यायच्या, “काही खरं नाही.” बायकोने एकदा चकल्या दिल्या. बाईंनी चघळून सांगितलं, “वाईट नाहीत.” ही पुण्यातली सर्वोच्च पदवी आहे, हे मी समजावत होतो, पण बायको नागपूरची. “तुझ्या आईची कोण लागते रे ही?” म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या शहरात एक स्पर्धा होती. तिथे चांगले गुण मिळाले तर संघात परत घेऊ, नाहीतर नाव कायमचं काढू, असं फिनलंडहून कळलं. खेळ संपल्यावर खेळाडूने एका बाकावर बसून गुणांची वाट पाहायची, आणि शेजारी कोचने बसायचं, अशी तिथली रीत. बाईंना कोच कुठला?

“तुम्ही बसा,” त्या मला म्हणाल्या.

“मी? बाई, मला बर्फावर उभंसुद्धा राहता येत नाही!”

“बाक आहे. बसायचंच आहे.” मग म्हणाल्या, “बाकी सगळे गुड जॉब म्हणतील. तुम्ही म्हणणार नाही.”

लग्नातला सूट कसाबसा चढवून मी गेलो. मुलीने बजावलं होतं, “बाबा, जस्ट सिट. डोन्ट टॉक.” संगीत सुरू झालं. बाई उलट्या घसरत आल्या, उडाल्या, आणि उतरल्या! एका पायावर, पाखरू फांदीवर बसावं तशा. मी ओरडलो, सुटाचं बटण उडालं. आणि मग, पहिल्या महिन्यात पोरांना शिकवतात त्या साध्या वळणावर, जिथे माझी मुलगीसुद्धा कधी पडत नाही, बाईंच्या स्केटचं टोक अडकलं आणि त्या सपशेल पालथ्या पडल्या. उठल्या, उरलेलं सगळं पूर्ण करून बाकावर आल्या. झग्याला बर्फाचा चुरा चिकटलेला होता. मी जन्मभर जमवलेली निराशा घेऊन तयार बसलो होतो. त्यांचा श्वास ऐकला, तोंड उघडलं आणि निघालं काय, तर “गुड जॉब!”

बाईंनी मान वळवली. “तुम्हीसुद्धा?”

गुण लागले. कमी पडले. नाव गेलं. बाई वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागल्या आणि खालमानेनेच म्हणाल्या, “काही खरं…”

मी ‘नाही’ची वाट पाहत राहिलो. नाड्या सुटल्या, बूट पिशवीत गेले, तरी ते आलं नाही. मराठी विसरल्या म्हणावं, तर वर बघून किंचित हसल्याही होत्या.

त्या वसंतात त्या फिनलंडला परत गेल्या. आता २००८ चाललंय, ऑफिसात पुन्हा खोकी दिसू लागली आहेत. संध्याकाळी पार्किंगमध्ये गाडीत बसून मी “काही खरं…” एवढंच म्हणून थांबून बघतो. पण पुढचा शब्द येतोच. पडावं कसं हे बाईंनी मला शिकवलं. तो शब्द कसा गिळायचा, हे विचारायचं राहून गेलं.