कार्बन कॉपीतलं गाव

आधीच सांगते, या सदरात येणारे पिंपळाचे आणि पांढऱ्या साडीचे अनुभव मी चहासोबत करमणूक म्हणून वाचते. विश्वास वगैरे काही नाही. मी एकतीस वर्षं नागपुरात मराठी टायपिस्ट होते. कळीवर बोट पडलं तर अक्षर उमटतं, नाही पडलं तर नाही उमटत... एवढंच माझं तत्त्वज्ञान. आणि नेमकं मीच टाइप केलेल्या एका कागदानं मला तोंडघशी पाडलं, म्हणून हे लिहायला बसले.

साल सत्त्याहत्तर. आम्ही सक्करदऱ्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बाबा, आई आणि मी. मी चोवीस वर्षांची, धंतोलीत एका वकिलांकडे नोकरीला. बाबा रेल्वेत पार्सल क्लार्क, रिटायरमेंटला वर्षभर उरलेलं. आणि माझी आजी, म्हणजे बाबांची माय, दोन वर्षांपूर्वी वारलेली.

सगळं सुरू झालं ते आजीपासूनच. जायच्या चार दिवस आधी तिनं बाबांना खाटेजवळ बसवलं आणि म्हणाली, "बाळ्या, तुले जनम मी नाई देला. मी या घरात आली तवा तू सात महिन्याचा होता. तुह्यी माय थोरली. तिचं नाव मले कोनं सांगतलंच नाई, सारे थोरलीच म्हणत. आता पितरपाटात माह्यं पान ठेवशीन ना, त आधी तिचं ठेव. नाव घेऊन ठेव."

बाबा तेव्हा पंचावन्न वर्षांचे होते. इतक्या वर्षांत आजीनं कधी एका शब्दानं जाणवू दिलं नव्हतं. आजोबा कुही भागातलं बेलपार हे आपलं गाव सोडून नागपूरला मिलमध्ये लागले ते तान्ह्या बाबांना आणि नव्या बायकोला घेऊनच, त्यामुळे शेजारीपाजारीही कोणाला ठाऊक नव्हतं. आजोबांना जाऊन तर तोवर वीस वर्षं झालेली. विचारणार कोणाला?

त्या वर्षी पितृपक्षात बाबांनी दोन पानं वाढली. भात, कढी, वडे, कोहळ्याची भाजी, तांदळाची खीर. आजीच्या पानापुढे हात जोडून "गिरजा माय, जेव" म्हणाले. दुसऱ्या पानापुढे बसले आणि अडकले. मग "थोरली" असं काहीतरी पुटपुटले आणि न जेवता उठून गेले. आपल्याला जन्म देणाऱ्या बाईला पाहुण्यासारखं बोलवावं लागतं, हे त्यांना फार लागलं होतं. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. तिसरा पितृपक्ष जवळ यायला लागला, तेव्हा मीच म्हटलं, "बाबा, कचेरीत जुनं रेकॉर्ड असतं. गावच्या कोतवालाची बुकं असतात, जन्म-मृत्यूची. तिथे तुमची नोंद मिळाली की आईचं नाव मिळेल."

झालं. बाबांच्या अंगात संचारलं. माणूस असा, की अर्जाशिवाय देवालाही भेटायला जाऊ नये या मताचा. एक वही केली. कोणाला विचारायचं, काय काय सोबत न्यायचं, शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख चुकीची असली तर मागचं-पुढचं किती साल बघायचं, रजा कोणत्या वारी टाकायची. बेलपारच्या पोलीस पाटलाला पत्र टाकलं. त्याचं उत्तर आलं की जुनं माणूस आता कोणीच राहिलं नाही. तेही वहीत चिकटवलं. महिनाभर घरात दुसरा विषय नाही. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "एवढी तयारी तं माह्या लग्नातही नोती केली तुम्ही." बाबा हसायचे आणि वहीत आणखी एक ओळ लिहायचे.

अर्ज अर्थातच टाइप केलेला पाहिजे. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बाबा ऑफिसात आले. आमचे वकीलसाहेब कोर्टात होते आणि तशी त्यांची परवानगी मी घेतलीच होती. बाबांचं काम म्हणून डब्यातून नवा कोरा कार्बन काढला. वर एक कागद, खाली एक. बाबा मागे उभे राहून सांगत होते, मी मारत होते. विषयात "मौजा बेलपार येथील जन्मनोंद पाहण्याबाबत". खाली मजकुरात पुन्हा एकदा मौजा बेलपार. बाबांनी वरचा कागद पेनाचं टोक टेकवत ओळीनं वाचला, सही केली. कॉपीवरही केली, पण ती वाचली नाही. कॉपी ती कॉपीच, तिच्यात काय वाचायचं? कार्बन मी माझ्या खणात ठेवला, कॉपी घडी करून पर्समध्ये.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता आम्ही कचेरीत हजर. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, केसांना तेल. रेकॉर्ड रूमचे बाबू वयस्क होते, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. अर्ज नीट वाचून म्हणाले, "टायपिंग साफ आहे. कोनं केलं?" बाबांनी माझ्याकडे असं बोट दाखवलं की मला लाजल्यासारखं झालं.

बाबूंनी बेलपारचा बस्ता काढला. लाल कापडात बांधलेलं गाठोडं, आत कोतवालाची बुकं. तीन सालं पाहिली. मग बाबांचं मन राखायला आणखी दोन पाहिली. बाबा प्रत्येक पानावर ओणवे होऊन बघत होते. आजोबांचं नाव लक्ष्मण. दोन लक्ष्मण निघाले, पण एक तेली आळीतला, म्हणजे आमच्यातला नव्हे, आणि दुसऱ्याला मुलगी. शेवटी बाबूंनी बुक मिटलं आणि म्हणाले, "नाई दिसत, काकाजी."

आम्ही बाहेर व्हरांड्यात बाकावर येऊन बसलो. ती वही बाबांनी पिशवीत घातली, पार तळाशी. मग म्हणाले, "राहू दे वं बाई. थोरलीच म्हणीन. तिले काय, समजतेच ना ते." मला रडूही येत होतं आणि रागही. रागच जास्त, तो माझा स्वभाव. साल टाइप करताना माझीच काही चूक झाली का हे पाहायला मी पर्समधून कॉपी काढली.

विषय — मौजा मोहखेडी येथील जन्मनोंद पाहण्याबाबत.

आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाचा अर्ज पर्समध्ये आला. पण खाली बाबांचं नाव, आमचा सक्करदऱ्याचा पत्ता आणि निळ्या शाईत बाबांची सही. मजकुरातही मोहखेडी. खाडाखोड नाही, डबल ठसा नाही. माझ्या मशीनवर ख चा खालचा फाटा उमटत नसे, तोच तुटका ख इथेही होता. मी कागद बाबांपुढे धरला. त्यांनी दोनदा वाचला.

"हे काय टाइप केलं तू?"

"मी नाही केलं, बाबा. तुम्ही मागेच उभे होते ना."

"मोहखेडी कोनतं गाव होय?"

"मला काय माहीत."

आम्ही परत आत गेलो. बाबूंच्या टेबलावरचा मूळ अर्ज पाहिला. त्यावर स्वच्छ बेलपार, दोन्ही जागी. बाबूंनी दोन कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरले. बाकी सगळ्या ओळी तंतोतंत जुळत होत्या, फक्त त्या दोन जागी गाव वेगळं. मग चष्मा वर सरकवून त्यांनी भलतंच विचारलं, "काकाजी, तुम्ही मायचे पयले काय?"

"हो. पयला आणि शेवटचा."

"मंग पयलटकरीण सासरी बाळंत होते काय, काकाजी? लेकरू आजोळी होते. तुम्ही बापाच्या गावात शोधून राहिले."

मी कपाळावर हात मारला. मी स्वतः वर्ध्याला आजोळी जन्मले. आमच्या गल्लीतली झाडून सगळी पहिली पोरं आपापल्या आजोळी झालेली. आणि महिनाभर वही भरणाऱ्या आम्हा दोघा शहाण्यांच्या हे डोक्यातच आलं नाही. अर्थात आलं असतं तरी बाबांचं आजोळ कोणतं हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. आजीलाही नव्हतं.

"मोहखेडी आहे एक," बाबू म्हणाले, "बेलपारपासून आठ-नऊ कोसावर. अर्ज तर तुमचा आहेच की हा, सहीसकट." आणि माझ्या हातातली कार्बन कॉपी घेऊन ते बस्ता आणायला गेले.

दुसऱ्याच बुकात नोंद सापडली. शाई तांबूस झालेली, अक्षर गिचमिड, पण लागत होतं. मुलगा. बाप लक्ष्मण, राहणार बेलपार. आणि आईचं नाव... सासरच्या कोतवालानं लक्ष्मणची बायको एवढंच लिहिलं असतं कदाचित. पण हा माहेरचा कोतवाल, ती त्याच्या डोळ्यांपुढे वाढलेली. त्यानं लिहिलं होतं — वेणू, सीतारामची लेक.

बाबांनी अक्षराखाली बोट धरलं, कागदाला न लावता. "पुन्हा वाचा बरं," म्हणाले. बाबूंनी पुन्हा वाचलं. मग कोणी काही न सांगता ते पुढची पानं उलटत गेले. पाच महिन्यांनंतरच्या पानावर थांबले. मृत्यू. वेणू, लक्ष्मणची बायको. तापानं. वय सतरा.

बाबा माझ्याकडे वळले. डोळे भरलेले होते, पण चेहरा असा की मी तो कधी पाहिला नव्हता. "तुह्याहून लहान होती वं ती," म्हणाले.

येताना त्यांनी रिक्षा इतवारीकडे वळवायला लावली आणि हिरव्या बांगड्या घेतल्या. कासारानं माप विचारलं तर माझा हात पुढे केला आणि म्हणाले, "याच्याहून बारीक द्या."

घरी आईला सगळं सांगितलं. तर आई काय म्हणावी... "पयलं बाळंतपण माहेरी, हे मले माहीत होतं. मले वाटलं, तुम्ही दोघं शिकले-सवरलेले, तुम्हाले ठाऊक असन." बाबा किती दिवसांनी पोट धरून हसले.

आता कार्बनचं सांगते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्या गेल्या खण उघडला. नवा कार्बन, एकदाच वापरलेला. उजेडाकडे धरला की त्यावर मारलेली अक्षरं वाचता येतात, हे टायपिस्टला सांगायला नको. मी वाचलं. बेलपार, दोन्ही जागी. म्हणजे मशीननं बेलपार मारलं, वरच्या कागदावर बेलपार उमटलं, कार्बनमधून बेलपार गेलं, आणि खालच्या कागदावर पोचलं ते मोहखेडी. वकीलसाहेबांना दाखवलं. त्यांनी अर्धा तास उलटतपासणी घेतली. पर्स कोणी उघडली, कागद कोणी बदलला, बाबांनी ते नाव लहानपणी ऐकलं असेल का. ऐकलंही असेल, पण टाइप तर मी करत होते. शेवटी साहेब म्हणाले, "माझ्या पक्षकारानं हे सांगितलं असतं तर मी केस घेतली नसती." एवढं बोलून त्यांनी माझा कागद मला परत दिला.

हे कोणी केलं असेल, यावर मी खूप विचार केला. थोरलीला सापडायचं होतं, की आजीला आपला शब्द पुरा करून घ्यायचा होता? दोघींनाही अक्षरओळख नव्हती. आजी तर अंगठाच लावायची. बाबांना विचारलं तर म्हणाले, "अर्ज केला, उत्तर आलं. आता काहून खोदून राहिली?"

त्या वर्षीच्या पितृपक्षात दोन पानं वाढली. बाबा आधी थोरलीच्या पानापुढे बसले, शेजारी बांगड्या ठेवल्या. मला वाटलं "वेणू माय" म्हणतील. त्यांनी तोंड उघडलं आणि थांबले. सत्तावन्न वर्षांचा माणूस, समोर सतरा वर्षांची पोर. मी ऑफिसातून दमून आले की ज्या आवाजात ते मला हाक मारायचे ना, अगदी त्याच आवाजात ते म्हणाले, "वेणू... जेव वं बाई." आणि त्या दिवशी तिथेच बसून पोटभर जेवले.

मूळ अर्ज कचेरीत राहिला. कॉपी आणि कार्बन दोन्ही माझ्याकडे आहेत, एकाच पाकिटात. कार्बन आता तडकायला लागलाय, पण उजेडात धरला की बेलपार अजून वाचता येतं. मला याचा उलगडा झालेला नाही, आणि या वयात होईल असंही वाटत नाही. बाबा गेले, आई गेली. पितृपक्षात आता मी चार पानं वाढते. बाबांना "बाबा" म्हणते, आईला "आई" म्हणते, आजीला "आजी". आणि सगळ्यांत आधी जिच्या पानापुढे बसते, तिला आजी नाही, थोरली नाही, काहीच म्हणवत नाही. माझी नात आता तिच्याएवढीच, सतरा वर्षांची आहे. मी म्हणते, "वेणू, ये बेटा. जेवून घे."