आत्याच्या तोंडचा सिनेमा

माझ्या सिसिलिया आत्याला इंग्रजी येत नाही हे आमच्या बेटाला कळलं तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती, आणि तोवर आम्हाला शेकड्याने इंग्रजी सिनेमे समजावून सांगून झाले होते.

तरुणपणी ती ऑकलंडला गेली होती. आळंबी भरायच्या कारखान्यात कामाला लागली. कारखान्यात सगळ्या आमच्याच टोंगाच्या बायका, मुकादमीणही टोंगाचीच. राहत्या घरात टोंगाची माणसं, रविवारी चर्चमध्ये प्रार्थना आमच्याच भाषेत. काही वर्षांनी ती परत आली ती एक मोठी पेटी, एक चष्मा आणि ‘ऑकलंडला राहून आलेली’ हा शिक्का घेऊन. असा शिक्का असला की इंग्रजी आलंच, असं सगळेच धरून चालले. तिला कुणी विचारलं नाही आणि तिने कुणाला सांगितलं नाही.

पुढे कुणाच्या तरी अमेरिकेतल्या जावयाने चर्चला टीव्ही, व्हीसीआर आणि खोकंभर कॅसेटी पाठवल्या. शनिवारी दुपारी सभागृहाच्या खिडक्यांना चटया बांधून अंधार केला, जनरेटर सुरू झाला आणि टीव्हीतली गोरी माणसं भराभरा बोलायला लागली. कुणाला ओ की ठो कळेना. वाइपुना मास्तरांना फळ्यावरचं इंग्रजी यायचं, पण हे लोक तोंडात घास धरून बोलल्यासारखे बोलत होते. शेवटी पाद्री म्हणाले, “सिसिलिया, तू सांग बाई. तू राहून आलीयेस.”

आत्या उठली. चष्मा पुसला. आणि बोलायला लागली.

काय बोलायची! पडद्यावर कुणी ओठ हलवला की हिचा आवाज सुरू. म्हाताऱ्याचा आवाज वेगळा, लाडावलेल्या पोरीचा वेगळा. खलनायक बोलला की पुढच्या रांगेतल्या बायका त्याला चपला दाखवायच्या. आमच्यात भाऊबहीण एका खोलीत बसून सिनेमा बघत नाहीत, कारण पडद्यावर कधी काय दिसेल याचा नेम नसतो. म्हणून एक शनिवार पुरुषांचा, एक बायकांचा. सांगायला मात्र दोन्ही दिवशी आत्याच. त्यामुळे तिचा सख्खा भाऊ, म्हणजे माझे वडील फोलाउ, यांना आत कधी जाताच आलं नाही. ते बाहेर नीरफणसाच्या झाडाखाली पाठ टेकून बसायचे आणि बहिणीचा आवाज ऐकायचे. त्यांनी आयुष्यात सिनेमा पाहिलाच नाही, फक्त ऐकला.

सगळ्यात गाजला तो दोन कोळी भावांचा सिनेमा. थंड देशातला समुद्र, एक बोट, दोन भाऊ आणि त्यांचा कुत्रा. वादळात धाकटा पाण्यात पडतो. मोठा वेड्यासारखा “लासिती! लासिती!” ओरडत फिरतो, कुत्र्याला बोटीत ओढून घेतो, पण भाऊ काही सापडत नाही. शेवटी बंदरावर काळा कोट घातलेला एक दाढीवाला येतो, मोठ्याच्या खांद्यावर हात ठेवतो, आणि मोठा ढसाढसा रडत त्याच्याबरोबर चालू लागतो. तो दाढीवाला म्हणजेच वाचलेला धाकटा भाऊ लासिती. तो म्हणतो, “दादा, चल घरी.”

“पण चेहरा वेगळा दिसतोय,” असं कुणीतरी म्हणालं होतं.

“वर्षभर परक्या बेटावर काढ, मग तुझा चेहरा बघू,” आत्या म्हणाली होती.

त्या दिवशी सभागृहाच्या दोन कोपऱ्यांत दोन सख्खे भाऊ बसले होते. तालिआई मोठा, मोसेसे धाकटा. एकाच्या डुकरांनी दुसऱ्याचं कंदाचं शेत उकरलं, त्यावरून बोलाचाली, मग हातघाई, मग कायमचा अबोला. एकमेकांच्या सावलीलाही उभे राहायचे नाहीत. सिनेमा संपला तसा तालिआई घरी गेला; मागोमाग मोसेसे उठला, तडक त्याच्या दारात गेला आणि म्हणाला, “दादा, चल घरी.” आख्ख्या बेटाने ते पाहिलं. त्यानंतर दोघं मासेमारीला एकाच होडीतून जायला लागले. मोसेसेला त्याच वर्षी मुलगा झाला, त्याचं नाव त्याने लासिती ठेवलं.

मोसेसेकाका गेल्या वर्षी वारले. वर्षाचे विधी करायला त्यांची मुलगी लेसिएली ऑकलंडहून आली. तिथे ती नर्स आहे. तिने वडिलांच्या तोंडून हा सिनेमा इतक्यांदा ऐकला होता, की नाव माहीत नसताना नुसत्या वर्णनावरून तिने तो इंटरनेटवर शोधून काढला.

“बाबांच्या आठवणीसाठी सगळ्यांना दाखवते, मीही अजून बघितला नाही,” ती म्हणाली. फोनला जोडायचा छोटा प्रोजेक्टर आणला होता. भिंतीवर चादर लावली. आता पूर्वीचे नियम सैल झालेत, म्हणून बायका-पुरुष एकत्रच बसले. माझे वडील मात्र सवयीने झाडाखाली.

आत्या चष्मा पुसत उठली, तशी लेसिएलीने तिला हाताला धरून परत बसवलं. “तुम्ही आज आराम करा. खाली सगळं लिहून येतं, मी वाचून सांगते.”

“मला सांगू दे गं,” आत्या म्हणाली.

“इतकी वर्षं घसा फोडलात, आज आमच्याबरोबर बघा.”

आत्या माझ्या शेजारी बसली. ती चष्मा पुन्हा पुन्हा पुसत राहिली. मला वाटलं, मोसेसेकाकांची आठवण आली असेल.

सुरुवातीलाच गडबड झाली. लेसिएलीने वाचलं, “‘बापाने बोट तुझ्या नावावर केलीच कशी?’”

मागून कुणीतरी ओरडलं, “चुकतेयस पोरी! तो भावाला जेवलास का विचारतोय.”

“नाही हो, इथे लिहिलंय.”

“मग लिहिणारा चुकला असेल.”

लोक हसले. मग वादळ आलं. धाकटा पाण्यात पडला. मोठा वाकून बघत होता. इथे आत्याच्या सिनेमात तो म्हणायचा, “धीर धर, मी दोर आणतो.” ती वाक्यं आमच्या ओठांवर तयारच होती. लेसिएली वाचायला लागली.

“‘जमलं तर पोहत ये. बोट आता माझी.’”



मोठा “लासिती! लासिती!” ओरडत फिरू लागला. लेसिएली थांबली. पडद्याकडे बघतच राहिली. “रस्टी,” ती हळूच म्हणाली. आमच्या जिभेवर रस्टीचं लासिती होतं. “कुत्र्याचं नाव आहे ते. तो... तो कुत्र्याला शोधतोय.”

तिचा भाऊ लासिती दाराशी उभा होता. राजधानीत, नुकुआलोफाला पोलिसात आहे, सुट्टी घेऊन आला होता. सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या आणि तितक्याच झटकन परत फिरल्या. त्याचं तोंड उघडं ते उघडंच.

बंद करायला हवं होतं, पण कुणाला सुचलंच नाही. काळ्या कोटवाला बंदरावर आला. मोठ्याच्या खांद्यावर हात ठेवला. लेसिएली रडायच्या बेतात होती, तरी तिने वाचलं. “‘भावाच्या खुनाबद्दल तुला अटक करतोय. चल.’”

पहिल्या रांगेतून तालिआईकाका उठले. ऐंशीच्या घरातला माणूस, काठी हातात घ्यायचं विसरून उभा राहिला. “सिसिलिया,” ते म्हणाले, “हे काय वाचतेय ही? खरं आहे?”

“मला काय विचारता?” आत्या म्हणाली. “मला कुठे इंग्रजी येतं!”

भूकंप झाला तरी आम्ही इतके दचकत नाही.  मग एकच कल्लोळ. वाइपुना मास्तर म्हणाले, “मला संशय होताच.”

“संशय होता तर इतकी वर्षं नंदीबैलासारखी मान कशाला डोलवत होतात?” पुढच्या रांगेतली पेलेनाइसे त्यांच्यावर उखडली. मग आत्याकडे वळली. “अगं, तुझ्या एका सिनेमातल्या बाईचं ऐकून मी माझ्या नवऱ्याला माफ केलं होतं! ते आता परत घेऊ का काय?”

“घे की,” नवरा मागून म्हणाला, “पण स्वयंपाक झाल्यावर.”

कुणी हसलं नाही. तालिआईकाका निघून गेले.

पुढचा आठवडा विचित्र गेला. ज्याच्या त्याच्या हातात फोन, जो तो जुने सिनेमे शोधतोय. धक्क्यावर, दुकानात, पाण्याच्या टाकीशी, रोज नवा हादरा. “ती नर्स नव्हती, चोर होती!” “तो आंधळा नाटक करत होता!” “अगं, ते लग्न नव्हतंच, ती कोर्टात उभी होती!” आम्ही लहानपणापासून ज्यांच्यासाठी रडलो त्यातली निम्मी माणसं जगात कुठेच नव्हती. मीही आत्याशी धड बोलू शकत नव्हते. रागापेक्षा धक्काच मोठा होता. आत्या घरात बसून चटई विणत होती. रविवारी चर्चमध्ये तालिआईकाकांची जागा रिकामी राहिली. असं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी सकाळी ते आले. मी आत्याकडेच होते. ते उंबऱ्यात बसले, आत यायला तयार नव्हते.

“ती वाक्यं कुणाची?” त्यांनी विचारलं.

“कुठली?”

“‘दादा, चल घरी.’ कुणाची?”

“माझी,” आत्या म्हणाली.

“कुठून आणलीस?”

चटई विणणारे आत्याचे हात थांबले. “तुमच्याकडूनच. तुम्ही दोघं चर्चच्या दोन दारांनी यायचात. मोसेसे आला की आधी तुमची जागा बघायचा, तुम्ही आलात की तुम्ही त्याची. गाणाऱ्यांत मी मागे उभी, मला सगळं दिसायचं. पडद्यावर दोन भाऊ दिसले. ते काय बोलतात ते मला कळेना. तुमचं कळत होतं. तेच सांगितलं.”

तालिआईकाकांचा आवाज चढला. “म्हणजे माझा भाऊ खोट्यावर भुलून माझ्या दारात आला! त्याला खरं कळलं असतं तर आला असता का?”

“त्याला माहीत होतं.”

“काय?”

“सगळं. लग्नाआधी तो मालवाहू जहाजावर होता ना, गोऱ्या खलाशांबरोबर. त्याला इंग्रजी चांगलं समजायचं, पण कधी बोलून दाखवायचा नाही. तुमच्याकडून परतताना इथेच आला होता. म्हणाला, ‘सिसिलिया, तो दाढीवाला पोलीस होता.’ माझ्या तर पायाखालची जमीन सरकली. मी म्हटलं, ‘आता सगळ्यांना सांगशील?’ म्हणाला, ‘वेडी आहेस का? मला कित्येक वर्षं नेमकं हेच म्हणायचं होतं, शब्द सापडत नव्हते.’”

तालिआईकाका तिच्याकडे बघत राहिले.   शेवटी ते म्हणाले, “आणि मग पोराचं नाव? कुत्र्याचं ठेवलं? जाणूनबुजून?”

“मी विचारलं होतं बारशाला. म्हणाला, ‘त्या सिनेमात वाचलं कोण? कुत्राच ना?’”

काकांच्या घशातून एक आवाज निघाला. मी घाबरून पाणी आणायला धावले. परत आले तर ते हसत होते की रडत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. पाणी मात्र त्यांनी सगळं प्यायलं. निघताना म्हणाले, “लासितीला यातलं काही सांगू नका.” पण लासितीला कळायचं ते कळलंच. त्याने आठवडाभर बहिणीशी अबोला धरला, आणि मग स्वतःच कुत्रा पाळला.

त्या संध्याकाळी मी वडिलांना सारं सांगितलं. ते आत्याशी अशा गोष्टी थेट बोलत नाहीत, म्हणून मलाच म्हणाले, “तिला सांग, लोक म्हणतात सिनेमा खोटा निघाला. मी तर चित्र बघितलंच नाही. मी जो ऐकला तो तिचाच होता. माझं काहीच बदललेलं नाही.” मी निरोप दिला. रात्रीचं जेवण आत्याने आमच्याकडे घेतलं.

सगळ्यांनी तिला माफ केलं असं नाही. पेलेनाइसे अजून फुरंगटून असते. तरुण पोरं कानात इअरफोनची बोंडं घालून आपापले सिनेमे बघतात. तरी शनिवारी आत्याचं ऐकायला पंधरा-वीस माणसं जमतात, तालिआईकाका पहिल्या रांगेत. आत्या आधीच बजावते, “मला इंग्रजी येत नाही, मग बोंबलू नका.”

परत जाण्याआधी लेसिएली एकदा तिच्याजवळ बसली, फोनवर सिनेमा लावला आणि शब्द न् शब्द खरा सांगत गेली. त्यात एका माणसाची आई मरते. तो खिडकीशी जातो, बाहेर बघतो, काहीतरी पुटपुटतो.

“काय म्हणाला?” आत्याने विचारलं.

“‘पाऊस येईलसं वाटतं.’”

“आणि?”

“एवढंच.”

 आत्याने चष्मा काढला, परत घातला, फोन डोळ्यांजवळ नेला. “आई मेलीय त्याची! आणि एवढंच बोलतो?”

“एवढंच, आत्या.”

“सगळे असेच बोलतात?”

“बहुतेक सगळेच.”

“देवा रे!” आत्या म्हणाली, आणि तिने फोन लेसिएलीच्या हातात परत दिला.